पेन्सिलीच्या रेघेतून जन्मलेला परीक्षक

(धागा: आपोआप तपासल्या जाणाऱ्या चाचणीचा शंभर वर्षांचा इतिहास)

१/
अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात वाढलेला रेनॉल्ड जॉन्सन हा मुलगा एक खोडी करीत असे. दुसऱ्यांच्या मोटारींच्या स्पार्क प्लगवर तो बाहेरून पेन्सिलीची एक रेघ ओढून ठेवी. पेन्सिलीतले ग्राफाइट विजेचे वाहक. ठिणगी पडायची तिथे न पडता वीज त्या रेघेवरून निसटून जाई आणि मोटार काही केल्या सुरू होत नसे. पुढे हाच मुलगा विज्ञानाचा शिक्षक झाला. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यासमोर बसला असता त्याला ती रेघ आठवली आणि त्यातून परीक्षा तपासणारे यंत्र जन्माला आले.

२/
आज कोणत्याही तालुक्यातील शिक्षक मोबाईलवर दहा प्रश्नांची चाचणी तयार करतात, तिचा दुवा वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात टाकतात आणि विद्यार्थ्याने 'सबमिट' दाबताच गुण समोर येतात. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की तिला इतिहास असेल, असे वाटतही नाही. पण इतिहास आहे, आणि त्यात एक जुना वादही दडलेला आहे : तपासणी कशासाठी? गुण देण्यासाठी, की शिकविण्यासाठी? आजचा धागा या प्रश्नाचा माग काढतो.

३/
आरंभ यंत्रापासून झाला नाही, अविश्वासापासून झाला. १८८८ मध्ये अँग्लो-आयरिश संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस एजवर्थ यांनी परीक्षांच्या गुणांकडे संख्याशास्त्राच्या नजरेने पाहिले आणि दाखवून दिले की, गुणांमध्ये योगायोगाचा वाटा मोठा असतो. उत्तरपत्रिका कोणत्या परीक्षकाच्या हाती पडली, यावरही उत्तीर्ण-अनुत्तीर्णतेचा निर्णय फिरू शकतो. ज्या काळात परीक्षेच्या निकालावर सरकारी नोकऱ्या ठरत होत्या, त्या काळात हे म्हणणे लहानसहान नव्हते.

४/
त्यानंतर १९१२ मध्ये डॅनिएल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी एक साधा प्रयोग केला. इंग्रजी विषयाच्या दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती त्यांनी अनेक शाळांतील शिक्षकांकडे तपासायला पाठविल्या. १४२ शिक्षकांनी त्या तपासल्या. पहिल्या उत्तरपत्रिकेला कमीत कमी ६४ गुण मिळाले आणि जास्तीत जास्त ९८. दुसरीला ५० पासून ९७ पर्यंत. विद्यार्थी तोच, हस्ताक्षर तेच, शब्द तेच; बदलला तो केवळ तपासणारा हात.

५/
टीकाकार म्हणाले, भाषेचा विषय आहे, आवडीनिवडी येणारच. मग त्या दोघांनी पुढच्या वर्षी भूमितीची उत्तरपत्रिका घेतली. भूमितीत तरी मतभेदाला जागा नसावी! प्रत्यक्षात तफावत अधिकच रुंदावली : एकाच उत्तरपत्रिकेला कुणी २८ गुण दिले, तर कुणी ९० च्या वर. काहींनी पद्धतीला गुण दिले, काहींनी केवळ अंतिम उत्तराला, काहींनी टापटिपीचे गुण कापले. शिक्षक अप्रामाणिक नव्हते. प्रत्येकाचा काटा वेगळा होता, इतकेच.

६/
ही तफावत पाहून अस्वस्थ झालेल्यांपैकी एक म्हणजे फ्रेडरिक केली. शिक्षक देत असलेले गुण हाच त्यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचा विषय होता. कॅन्सस राज्यातील एम्पोरिया येथे शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत काम करीत असताना, १९१५ च्या सुमारास, त्यांनी मूकवाचनाची एक चाचणी तयार केली. तिच्यातील एका प्रश्नात चार प्राण्यांची नावे दिलेली होती आणि शेतावर उपयोगी पडणाऱ्या प्राण्याच्या नावाभोवती रेघ ओढायची होती. गाय, वाघ, उंदीर, लांडगा. बहुपर्यायी प्रश्नाचे हे अगदी आरंभीचे रूप.

७/
या प्रश्नात काय घडले ते पाहण्यासारखे आहे. विद्यार्थ्याला लिहायचे काहीच नाही. उत्तर एकच, ते आधीच ठरलेले. उंदीर घुशी खाणाऱ्या मांजराइतकाच शेताच्या साखळीचा भाग आहे, असा युक्तिवाद करणाऱ्या चौकस मुलाला येथे जागा नाही. केलींनी परीक्षकाची मर्जी काढून टाकली, हे खरे. पण त्यासाठी मतभेद होऊ शकेल असे सारेच प्रश्नातून काढून टाकावे लागले. परीक्षकाची मर्जी संपली. आता प्रश्न काढणाऱ्याची मर्जी सुरू झाली.

८/
ही दुसरी मर्जी किती महाग पडते, हे लवकरच दिसले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने सुमारे १७ लाख लोकांना झटपट तपासता येणाऱ्या बुद्धिमापन चाचण्या दिल्या. तपासणी निर्दोष होती; प्रश्न मात्र अमेरिकन शहरी जीवनाची माहिती गृहीत धरणारे होते. त्या आकड्यांवरून कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ च्या ग्रंथात काही देशांतून आलेल्या लोकांना उपजतच कमी बुद्धीचे ठरविले. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले. गुण बिनचूक मोजले म्हणून मोजमाप न्याय्य ठरत नाही, हा धडा तेव्हाचा आहे.

९/
आता यंत्राकडे वळू. ओहायो स्टेट विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांना वेगळीच चिंता होती. शिक्षकाचा केवढा तरी वेळ तपासणीच्या हमालीत जातो आणि मुलाशी बोलायला तो उरतच नाही. १९२० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी टंकलेखन यंत्रासारखी दिसणारी एक लहानशी पेटी बनविली. छोट्या खिडकीत प्रश्न आणि चार पर्याय दिसत. बाजूला चार कळा. विद्यार्थ्याने कळ दाबली की पुढचा प्रश्न सरके आणि मागच्या बाजूचा गणक बरोबर उत्तरे मोजत राही. शेवटचा प्रश्न संपला, की निकाल तयार!

१०/
पण प्रेसींच्या पेटीची खरी गंमत एका लहानशा खटक्यात होती. खटका एका बाजूला असला की पेटी परीक्षा घेई : उत्तर चूक असो वा बरोबर, प्रश्न पुढे सरके. तोच खटका दुसऱ्या बाजूला वळविला की पेटी शिकवू लागे : योग्य कळ दाबली जाईपर्यंत प्रश्न हलतच नसे. विद्यार्थ्याला त्या क्षणी कळे की आपण चुकलो, आणि तिथल्या तिथे पुन्हा प्रयत्न करावा लागे. पेटी तीच, प्रश्न तेच. हेतू मात्र पूर्ण निराळा. वाचकहो, हा खटका ध्यानात ठेवा. धाग्याच्या शेवटी आपल्याला त्याच्याकडे परत यायचे आहे.

११/
प्रेसींनी या पेटीला आणखी एक जोड दिली होती. ठरविलेल्या संख्येइतकी उत्तरे बरोबर आली की यंत्रातून गोळी-चॉकलेट बाहेर पडे. आज ऑनलाइन चाचणीनंतर पडद्यावर उधळणारे रंगीत कागद, तारे, बिल्ले आणि 'अभिनंदन!' असे लिहिलेली ई-प्रमाणपत्रे यांचे मूळपुरुष म्हणजे ती गोळी.

१२/
यंत्र बाजारात आले, पण चालले नाही. महामंदी सुरू झाली होती. शाळांकडे पैसा नव्हता आणि शिक्षक तर स्वस्तात, हवे तितके मिळत होते; मग श्रम वाचविणारे यंत्र कोण घेणार? १९३२ मध्ये प्रेसींनी या कामातून तूर्त माघार घेत असल्याचे जाहीर केले. शिक्षणात एक 'औद्योगिक क्रांती' येऊ घातली आहे, असे त्यांना वाटत होते. ती क्रांती आली, मात्र त्यांच्या खटक्याची केवळ एकच बाजू घेऊन.

१३/
आता पुन्हा जॉन्सन. १९३० च्या दशकाच्या आरंभी ते मिशिगनमधील आयर्नवूड येथे विज्ञान शिकवीत होते. त्यांची कल्पना सोपी होती : उत्तराच्या जागी पेन्सिलीची रेघ असेल तर वीज वाहील, नसेल तर वाहणार नाही. अडचण एकच. कुणी रेघ गडद ओढतो, कुणी पुसट; मग वीज कमीअधिक वाहणार आणि गुणही बदलणार. म्हणजे एका परीने परीक्षकाची मर्जीच पुन्हा आत शिरणार! जॉन्सन यांनी प्रत्येक मार्गात मोठा विद्युतरोध बसविला. त्या मोठ्या रोधापुढे पेन्सिलीच्या रेघेचा लहानसा फरक नगण्य ठरला.

१४/
१९३४ मध्ये आयबीएम कंपनीने ही कल्पना विकत घेतली आणि जॉन्सन यांना नोकरीही दिली. १९३८ मध्ये 'आयबीएम ८०५' हे तपासणी यंत्र बाजारात आले. चालक उत्तरपत्रिका यंत्राच्या फटीत सरकवी, काटा डावीउजवीकडे हले आणि तबकडीवर गुण दिसत. ते वाचून चालक कागदावर टिपून घेई. सरावलेला माणूस तासाला सुमारे ८०० उत्तरपत्रिका उरके. बरोबर उत्तरांतून चुकीच्या उत्तरांचा ठरावीक अंश वजा करण्याची सोयही यंत्रात होती. स्पर्धा परीक्षार्थींच्या उरात धडकी भरविणारे 'निगेटिव्ह मार्किंग' तिथे विजेच्या एका वजाबाकीत उरकले जाई.

१५/
जॉन्सन यांच्या कहाणीचा उत्तरार्धही सांगायला हवा. १९५० च्या दशकात त्यांनी कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे आयबीएमची प्रयोगशाळा उभारली आणि १९५६ मध्ये तिथूनच जगातील पहिली हार्ड डिस्क बाजारात आली. म्हणजे उत्तरपत्रिका तपासण्याचे पहिले यशस्वी विद्युतयंत्र आणि पुढे अशा असंख्य उत्तरपत्रिका साठविणारे साधन, या दोन्हींच्या मुळाशी एकच माध्यमिक शिक्षक आहे.

१६/
विजेनंतर प्रकाश आला. आयोवा विद्यापीठातील ई. एफ. लिंडक्विस्ट यांनी १९५० च्या दशकात प्रकाशाच्या साहाय्याने खुणा ओळखणारे यंत्र तयार केले. आता विशिष्ट विद्युतवाहक पेन्सिलीची गरज उरली नाही आणि वेग कित्येक पटींनी वाढला. आपण ज्याला 'ओएमआर शीट' म्हणतो, जिच्यावरचे गोल काळजीपूर्वक काळे करताना हाताला घाम फुटतो, ती या घराण्यातली.

१७/
भारतात या तंत्राला आमंत्रण दिले ते संख्येने. डी. एस. कोठारी समितीच्या शिफारशीनंतर १९७९ पासून नागरी सेवा परीक्षेला वस्तुनिष्ठ पूर्वपरीक्षा जोडली गेली. लाखो अर्जांतून काही हजार निवडायचे, तर लेखी उत्तरे वाचणार कोण? २००६ मध्ये आयआयटीची प्रवेश परीक्षाही पूर्णपणे वस्तुनिष्ठ झाली. यंत्राने तपासण्याजोगे काय आहे, यावर काय विचारायचे ते ठरू लागले. आणि काय विचारले जाते, यावर मुलांनी काय शिकायचे ते. शिकवणी वर्गांत 'पर्याय बाद करण्याची युक्ती' हा जणू स्वतंत्र विषयच झाला.

१८/
याची सर्वांत बोलकी घटना आपल्याच घरची. राज्यसेवेची मुख्य परीक्षा दशकभर प्रामुख्याने बहुपर्यायी होती. २०२२ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने जाहीर केले की २०२३ पासून ती वर्णनात्मक होईल. पुण्यात उमेदवार रस्त्यावर उतरले. वर्षानुवर्षे एका साच्यात घडविलेली तयारी रातोरात निरुपयोगी होणार, हे त्यांचे दुःख खरे होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने बदल २०२५ पासून लागू करण्याचे ठरविले. अधिकाऱ्याला चार पर्यायांतून निवडता यावे की स्वतः मांडणी करता यावी, हा प्रश्नही खराच होता. तपासणीची पद्धत ही केवळ कार्यालयीन सोय नसते. ती माणसांच्या उमेदीची वर्षे आकाराला आणते.

१९/
मग प्रेसींच्या खटक्याच्या दुसऱ्या बाजूचे काय झाले? ११ नोव्हेंबर १९५३ रोजी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या चौथीच्या वर्गात पालक म्हणून जाऊन बसले. गणिताचा तास होता. काही मुले लवकर संपवून कंटाळली होती, काही पहिल्याच उदाहरणात अडखळली होती. आणि कुणालाच आपले उत्तर बरोबर की चूक, हे त्या क्षणी कळत नव्हते. वह्या तपासून परत येतील तेव्हा कळणार! शिकण्याचा क्षण एकीकडे आणि त्याची पावती दुसरीकडे, हे स्किनर यांना सहन झाले नाही. काही दिवसांतच त्यांनी आपले पहिले शिकविणारे यंत्र जुळविले.

२०/
पूर्वसूरी म्हणून प्रेसींचा मान स्किनर यांनी राखला, पण एका बाबतीत त्यांच्याशी फारकत घेतली. बहुपर्यायी प्रश्न त्यांना नको होते. विद्यार्थ्याने उत्तर ओळखावे यापेक्षा ते स्वतः रचावे, असा त्यांचा आग्रह. दुसरा आक्षेप अधिक गंभीर : चांगला बहुपर्यायी प्रश्न रचायचा म्हणजे खरे वाटतील असे तीन खोटे पर्याय लिहायचे. म्हणजे शिक्षकच मुलासमोर एका सत्यासोबत तीन आकर्षक असत्ये मांडतो. त्यांतले एखादे डोक्यात रुजले तर?

२१/
लिहिलेले उत्तर यंत्राने तपासायचे, तर यंत्राला थोडी समज हवी. तो प्रयत्न इलिनॉय विद्यापीठात झाला. १९६० मध्ये डोनाल्ड बिट्झर यांनी 'प्लेटो' ही संगणकाधारित शिक्षणप्रणाली सुरू केली. १९६७ मध्ये पॉल टेन्झार यांनी तिच्यासाठी 'ट्यूटर' ही भाषा रचली. शिक्षक स्वतः तिच्यात धडे लिहू शकत. अपेक्षित उत्तर कोणते, कोणते पर्यायी शब्द चालतील, कोणत्या चुकीच्या उत्तरावर कोणता संदेश दाखवायचा, हे सारे शिक्षक ठरवी. स्पेलिंगची लहानशी चूक असेल, तर यंत्र तो शब्द अधोरेखित करून दाखवी, उत्तर सरसकट बाद करीत नसे.

२२/
इंटरनेट आले आणि ही साधने विद्यापीठांच्या भिंती ओलांडून बाहेर पडली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठातून 'हॉट पोटेटोज' आले. त्याने संगणकभाषा न येणाऱ्या शिक्षकालाही वेबपानावर चाचणी रचता येऊ लागली. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुगियामास यांनी 'मूडल' खुले केले. २०१६ मध्ये गुगल फॉर्ममध्ये 'क्विझ'ची सोय आली. जॉन्सन यांच्या यंत्राला टेबलाएवढी जागा आणि कंपनीचे भाडे लागे. आता तेच काम करणारे साधन फुकट आणि खिशात मावणारे झाले.

२३/
आणि मग २०२० उजाडले. टाळेबंदीत शाळा बंद झाल्या. ज्या शिक्षकांनी कधी ईमेलही पाठविला नव्हता, त्यांनी भाचे-पुतण्यांकडून शिकून फॉर्म तयार केले. ऑगस्टच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि राज्यातील विद्यापीठांनी अंतिम वर्षाच्या परीक्षा घेतल्या, त्या बव्हंशी ऑनलाइन आणि बहुपर्यायी. ज्यांनी आयुष्यभर 'सविस्तर उत्तरे लिहा' असेच प्रश्न काढले, त्या प्राध्यापकांना काही आठवड्यांत शेकडो पर्यायी प्रश्नांच्या पेढ्या भराव्या लागल्या. घाईत खटका एकाच बाजूला वळला : परीक्षेच्या.

२४/
आता स्किनर यांच्या त्या भीतीकडे. तिची कसून तपासणी पुढे झाली. २००५ मध्ये हेन्री रोडिगर आणि एलिझाबेथ मार्श यांनी दाखविले की, बहुपर्यायी चाचणी दिल्याने बरोबर उत्तरे अधिक पक्की होतात. पण मुलाने निवडलेला चुकीचा पर्यायही नंतर त्याच्या उत्तरांत डोकावतो. स्किनर चुकले नव्हते. मात्र २००८ मध्ये अँड्र्यू बटलर आणि रोडिगर यांनी पुढची पायरी दाखविली : चाचणीनंतर योग्य उत्तर कळविले, तर हा अपाय बराच घटतो आणि लाभ वाढतो. प्रेसींच्या खटक्याची दुसरी बाजू ऐंशी वर्षांनी प्रयोगशाळेत खरी ठरली.

२५/
चाचणी ही स्वतःच शिकण्याची रीत आहे, यालाही पुरावा आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटले : पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पाठांतराच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या आजी-आजोबांना हे ऐकून नवल वाटले नसते. पुस्तक मिटून म्हणून दाखव, असेच तर ते सांगत.

२६/
तर मग आजच्या शिक्षकाच्या हाती काय आहे? तोच खटका. फॉर्मच्या सेटिंगमध्ये तो दोन ठिकाणी सापडतो. एक : निकाल लगेच दाखवायचा, की नंतर. दोन : प्रत्येक प्रश्नाखाली अभिप्राय लिहिण्याची जागा, बरोबर उत्तरासाठी वेगळी, चुकीच्या उत्तरासाठी वेगळी. ही जागा बहुतेक वेळा रिकामी राहते. ती भरली नाही, तर आपण विजेचा काटा हलवितो. ती भरली, तर आपण शिकवितो.

२७/
एक उदाहरण घेऊ. १/२ + १/३ = ? योग्य उत्तर ५/६. चुकीचे पर्याय मनाला येतील ते, म्हणजे ७/९ किंवा ४/११ असे ठेवले, तर कुणी ते निवडणार नाही आणि निवडलेच तर काही कळणार नाही. त्याऐवजी २/५ ठेवावा : तो निवडणाऱ्या मुलाने अंश व छेद वेगवेगळे मिळविले. २/६ ठेवावा : त्याने छेद समान केला, पण अंश बदलायला विसरला. १/६ ठेवावा : त्याने बेरजेऐवजी गुणाकार केला. प्रत्येक चुकीचा पर्याय म्हणजे चुकीच्या विचाराचे एकेक नाव. संध्याकाळी उत्तरांचा तक्ता उघडला की, उद्या फळ्यावर काय पुन्हा शिकवायचे, हे शिक्षकाला आपोआप कळते.

२८/
लघुत्तरांचे प्रश्न ठेवताना मराठी शिक्षकाने आणखी एक सावधगिरी बाळगावी. फॉर्म अर्थ तपासत नाही, अक्षरे जुळवितो. उत्तर '१८१८' ठेवले आणि मुलाने इंग्रजी आकडे वापरून तेच वर्ष लिहिले, तर यंत्र त्याला चूक ठरवील. 'शाहू महाराज' लिहा की 'राजर्षी शाहू महाराज', हाही फरक. 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतला अर्धा र तर संगणकात दोन निरनिराळ्या प्रकारे साठविला जाऊ शकतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र वेगळे. जॉन्सन यांची पुसट रेघ नव्या रूपात परत आली, असे समजा. उपाय त्यांच्यासारखाच : फरकाला नगण्य करा. जितकी ग्राह्य रूपे सुचतील तितकी आधीच उत्तरसूचीत भरून ठेवा, आणि अखेरीस एकदा स्वतःच्या डोळ्यांनी 'चूक' ठरलेली उत्तरे वाचा.

२९/
शंभर वर्षांच्या या प्रवासात यंत्राने दिलेले वचन बऱ्याच अंशी पाळले. स्टार्च-इलियट यांच्या प्रयोगातला, ६४ आणि ९८ यांच्यामधला तो अन्याय आज वस्तुनिष्ठ चाचणीत होत नाही. दुर्गम भागातल्या मुलाचे गुण परीक्षकाला त्याचे हस्ताक्षर आवडले की नाही, यावर अवलंबून नाहीत. ही लहान गोष्ट नव्हे. ती नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण प्रेसींचे मूळ स्वप्न तपासणीतून वाचलेला वेळ मुलाला देण्याचे होते. तो वेळ वाचला हे निश्चित. तो मुलापर्यंत पोचला का, याचे उत्तर कोणतेही यंत्र देणार नाही.

३०/
पुढच्या वेळी चाचणीचा दुवा पाठविताना शेवटचा प्रश्न बिनगुणांचा ठेवून पाहावा : 'या पाठातील कोणती गोष्ट अजून कळली नाही? दोन ओळी लिहा.' त्याला पर्याय नाहीत, उत्तरसूची नाही, आपोआप गुण नाहीत. ती उत्तरे वाचायला माणूसच लागतो, आणि बाकीचे सारे प्रश्न यंत्राने तपासले, ते याच वाचनाला वेळ मिळावा म्हणून.

(धागा समाप्त. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत, त्यांनी स्वतः रचलेला एखादा चांगला 'चुकीचा पर्याय' आणि त्यामागची मुलांची विचारसरणी खाली अवश्य लिहावी. इतरांनी लिहावे : चूक त्या क्षणीच कळल्यामुळे कायमची लक्षात राहिली, अशी कोणती गोष्ट आपल्याला आठवते?)